भारतातील न्यायबाह्य हत्या आणि पोलीस उत्तरदायित्व

न्यायालयाच्या निर्णयाशिवाय आणि कायद्याने आखून दिलेली बळवापराची मर्यादा ओलांडून शासकीय यंत्रणेतील व्यक्तींनी केलेल्या हत्येस न्यायबाह्य हत्या असे म्हणतात. भारतात अशा हत्यांची चर्चा मुख्यत्वे 'पोलीस चकमक' किंवा 'एन्काउंटर' या नावाने होते. पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळीबार केल्याचा दावा खोटा असून प्रत्यक्षात ताब्यातील किंवा निःशस्त्र व्यक्तीस ठार केले गेले असेल, तर त्या घटनेस 'बनावट चकमक' म्हटले जाते. एखाद्या व्यक्तीस ताब्यात घेऊन नंतर ती ताब्यात असल्याचेच नाकारणे किंवा तिचा ठावठिकाणा दडवून ठेवणे यास 'सक्तीने बेपत्ता करणे' अशी संज्ञा आहे.

भारतीय कायद्यात पोलिसांना शिक्षा म्हणून कोणाचाही जीव घेण्याचा अधिकार नाही. १९८० च्या दशकापासून सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालये आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोग यांनी या विषयावर अनेक निर्णय व मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. तरीही अशा प्रकरणांत दोषसिद्धी क्वचित होते आणि ती होण्यास अनेक वर्षे लागतात. ज्या यंत्रणेवर आरोप असतो तिच्याकडेच बहुतेक वेळा प्राथमिक तपास व पुराव्यांचा ताबा असतो, हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते.

व्याप्ती आणि संज्ञा

'चकमक' हा शब्द मुळात दोन सशस्त्र बाजूंमधील अल्पकालीन संघर्षासाठी वापरला जातो. पोलिसांच्या नोंदींत तो संशयित गुन्हेगार किंवा सशस्त्र गटाच्या सदस्याशी झालेल्या गोळीबारासाठी रूढ झाला. प्रत्येक चकमक बनावट नसते. सशस्त्र हल्ल्यात पोलीसही मृत्युमुखी पडतात आणि अशा वेळी स्वसंरक्षणाचा हक्क त्यांना इतर नागरिकांप्रमाणेच असतो. म्हणून कायद्यापुढील प्रश्न चकमक झाली की नाही एवढाच नसतो. वापरलेले बळ आवश्यक होते का आणि ते धोक्याच्या प्रमाणात होते का, हेही तपासावे लागते.

कोठडीतील मृत्यू, बनावट चकमक आणि सक्तीने बेपत्ता करणे हे तीन वेगळे प्रकार असले, तरी व्यवहारात ते एकमेकांत मिसळतात. कोठडीत मारहाणीने झालेला मृत्यू लपवण्यासाठी चकमकीचा किंवा आरोपी पळून गेल्याचा बनाव रचल्याचे आरोप अनेक प्रकरणांत झाले आहेत. अटकेची नोंदच केली नसेल, तर पुढे त्या व्यक्तीचे काय झाले हे सिद्ध करणे कुटुंबीयांना अत्यंत अवघड जाते.

बळवापराची कायदेशीर मर्यादा

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २१ नुसार कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही. अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या व्यक्तीस प्रवासाचा आवश्यक वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या कायद्यांना मात्र ही तरतूद लागू होत नाही.

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ४६ मध्ये अटकेच्या वेळी वापरावयाच्या बळाचे नियम होते. ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४३ मध्ये आहेत. अटकेस जबरदस्तीने विरोध करणाऱ्यावर आवश्यक तेवढे बळ वापरता येते. मात्र मृत्युदंड किंवा जन्मठेपेस पात्र अशा गुन्ह्याचा आरोप नसलेल्या व्यक्तीचा मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही. आरोप तितका गंभीर असला, तरी शरण आलेल्या किंवा ताब्यात असलेल्या व्यक्तीस ठार मारण्याची मुभा कोणत्याही तरतुदीत नाही.

पोलीस हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे पोलीस दलाची रचना, बदल्या, पदोन्नती आणि शिस्तभंगाची कारवाई हे विषय प्रामुख्याने राज्य सरकारच्या अखत्यारीत येतात. पोलीस दलाची मूळ चौकट १८६१ च्या पोलीस अधिनियमातून आली. महाराष्ट्रात १९५१ चा पोलीस अधिनियम लागू आहे.

इतिहास

आणीबाणीचा काळ

१९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात अनुच्छेद २१ च्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित करण्यात आला होता. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने ही स्थगिती ग्राह्य धरली. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले. या निर्णयामुळे बेकायदा स्थानबद्धतेविरुद्ध बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करण्याचा मार्ग बंद झाला.

केरळमधील राजन प्रकरण याच काळातील आहे. कालिकत येथील प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील या विद्यार्थ्याला मार्च १९७६ मध्ये पोलिसांनी ताब्यात घेतले व कक्कयम येथील छावणीत नेले. त्यानंतर तो कधीही परतला नाही. आणीबाणी संपल्यावर त्याचे वडील टी. व्ही. ईच्चर वारियर यांनी केरळ उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका दाखल केली. या प्रकरणाच्या परिणामी मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना एप्रिल १९७७ मध्ये राजीनामा द्यावा लागला. राजनचा मृतदेह मिळाला नाही.

त्याच सुमारास आंध्र प्रदेशात नक्षलवादी म्हणून मारल्या गेलेल्या व्यक्तींच्या मृत्यूंची चौकशी एका नागरी समितीने केली. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे हे या समितीचे अध्यक्ष होते. पोलिसांनी चकमकी म्हणून सांगितलेल्या घटनांची स्वतंत्र पडताळणी करण्याचा हा देशातील सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक होता. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २१ चे संरक्षण स्थगित करता येणार नाही अशी तरतूद झाली. २०१७ मध्ये खाजगीपणाच्या हक्काविषयीच्या पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यातील निर्णय चुकीचा ठरवला.

हाशिमपुरा

२२ मे १९८७ रोजी उत्तर प्रदेशातील मेरठ शहराच्या हाशिमपुरा भागातून प्रांतीय सशस्त्र दलाच्या जवानांनी मुस्लिम पुरुषांना वाहनातून नेले व गोळ्या घालून त्यांचे मृतदेह कालव्यात टाकले. मृतांची संख्या सुमारे ४२ होती. २०१५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून १६ जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. घटना आणि दोषसिद्धी यांत ३१ वर्षांचे अंतर पडले.

पंजाब

१९८० च्या दशकात व १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात पंजाबमधील दहशतवादी हिंसाचाराच्या काळात अनेक व्यक्ती पोलिसांनी नेल्यानंतर बेपत्ता झाल्याच्या तक्रारी होत्या. मानवी हक्क कार्यकर्ते जसवंतसिंग खालडा यांनी अमृतसर जिल्ह्यातील स्मशानभूमींच्या नोंदी आणि दहनासाठी घेतलेल्या लाकडांच्या पावत्या तपासल्या. 'बेवारस' म्हणून मोठ्या संख्येने मृतदेह गुपचूप जाळले गेले, हे त्यातून उघड झाले. ६ सप्टेंबर १९९५ रोजी खालडा यांचेच अमृतसर येथील राहत्या घरून अपहरण झाले व नंतर त्यांची हत्या करण्यात आली.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार केंद्रीय अन्वेषण विभागाने केलेल्या तपासात अमृतसर जिल्ह्यातील तीन स्मशानभूमींत २,०९७ मृतदेहांचे दहन झाल्याची नोंद झाली. त्यांपैकी ५८५ मृतदेहांची पूर्ण व २७४ मृतदेहांची अंशतः ओळख पटली, तर १,२३८ मृतदेह अनोळखी राहिले. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने हा विषय राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवला. आयोगाच्या कार्यवाहीतून अनेक कुटुंबांना भरपाई मिळाली. खालडा हत्या प्रकरणी २००५ मध्ये पोलिसांना दोषी ठरवण्यात आले.

मणिपूर

सशस्त्र दल विशेषाधिकार अधिनियम, १९५८ लागू असलेल्या मणिपूरमध्ये पोलीस व सुरक्षा दलांनी केलेल्या हत्यांविषयी पीडित कुटुंबांच्या संघटनेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तीत १,५२८ कथित न्यायबाह्य हत्यांचा उल्लेख होता. न्यायालयाने माजी न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने नमुन्यादाखल सहा प्रकरणे तपासली आणि त्यांतील एकही चकमक खरी नसल्याचा निष्कर्ष काढला. ८ जुलै २०१६ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर व उदय लळित यांच्या खंडपीठाने निर्णय दिला. अशांत घोषित क्षेत्रातही अतिरिक्त बळाचा वापर करता येत नाही आणि तेथील मृत्यूंच्या चौकशीपासून कोणालाही सरसकट सूट नाही, असे त्यात म्हटले आहे. जुलै २०१७ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाचे विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश झाला.

महाराष्ट्रातील प्रकरणे

११ जानेवारी १९८२ रोजी वडाळा येथे मन्या सुर्वे या गुंडाचा पोलीस गोळीबारात मृत्यू झाला. मुंबईतील चकमकींचा प्रारंभ सामान्यतः या घटनेपासून मानला जातो. १९९० च्या दशकात खंडणी व टोळीयुद्ध वाढल्यावर चकमकींची संख्याही वाढली. 'एन्काउंटर स्पेशालिस्ट' हा शब्द वृत्तपत्रांत व चित्रपटांत रूढ झाला आणि काही अधिकाऱ्यांची ओळख त्यांच्या नावावरील मृत्यूंच्या संख्येवरून सांगितली जाऊ लागली. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या सुमारे ९९ चकमकी व त्यांतील सुमारे १३५ मृत्यूंबाबत पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. हाच खटला पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली.

ख्वाजा युनूस प्रकरण हे राज्यातील सक्तीने बेपत्ता करण्याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण आहे. मूळचा परभणीचा असलेल्या या अभियंत्यास डिसेंबर २००२ मधील घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या संदर्भात अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये तपासासाठी नेत असताना वाहनाला अपघात होऊन तो पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. कोठडीत त्याला झालेली मारहाण पाहिल्याचे सहआरोपींनी सांगितले. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात पलायनाचा दावा टिकला नाही. या विभागाने १४ पोलिसांना जबाबदार धरले होते, परंतु राज्य सरकारने त्यांपैकी केवळ चौघांवर खटला चालवण्यास मंजुरी दिली. युनूसचा मृतदेह कधीही सापडला नाही.

लखन भैया प्रकरणात ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखन भैया यास त्याच्या मित्रासह नवी मुंबईतील वाशी येथून उचलण्यात आले. त्याच दिवशी अंधेरीतील वर्सोवा भागात चकमकीत त्याचा मृत्यू झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले. गुप्ता यास नेल्याचे समजताच त्याच्या वकील भावाने वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा पाठवल्या होत्या. मृत्यूपूर्वीच्या या तारा पुढे महत्त्वाचा पुरावा ठरल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने दंडाधिकारी चौकशी व त्यानंतर विशेष तपास पथकाचा तपास झाला. गुप्ता याच्यासोबत असलेला मित्र हा प्रमुख साक्षीदार होता. मार्च २०११ मध्ये साक्ष देण्याच्या काही दिवस आधी तो बेपत्ता झाला व नंतर त्याचा मृतदेह आढळला.

जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवले व माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना निर्दोष सोडले. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शर्मा यांची मुक्तता रद्द करून त्यांना जन्मठेप सुनावली आणि अन्य १३ आरोपींची शिक्षा कायम ठेवली. या निर्णयास सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून शर्मा यांना तेथे अंतरिम दिलासा मिळाला. याच खटल्यातील जामिनाच्या प्रश्नावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बनावट चकमक म्हणजे थंड डोक्याने केलेला खून असल्याचे म्हटले होते. वरिष्ठांचा आदेश होता हा बचाव पोलिसांना घेता येणार नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

२३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूर येथील शाळेतील बालिकांवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातील आरोपीचा तळोजा कारागृहातून नेत असताना मुंब्रा परिसरात पोलीस वाहनात गोळी लागून मृत्यू झाला. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयासमोर आलेल्या दंडाधिकारी चौकशीच्या अहवालात पाच पोलिसांना जबाबदार धरण्यात आले व स्वसंरक्षणाच्या दाव्याविषयी शंका व्यक्त करण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाद्वारे तपासाचा आदेश दिला.

न्यायालयीन निर्णय

बंदी प्रत्यक्षीकरण आणि भरपाई

मणिपूरमध्ये लष्करी छावणीत नेल्यानंतर परत न आलेल्या दोन व्यक्तींच्या सेबॅस्टियन होंगरे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्यांच्या पत्नींना प्रत्येकी एक लाख रुपये देण्याचा आदेश दिला. बंदी प्रत्यक्षीकरणाच्या आदेशानंतरही शासनाने व्यक्ती हजर केली नाही, तर ते न्यायालयाच्या आदेशाचे उल्लंघन ठरते, हे त्यातून प्रस्थापित झाले. १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा विरुद्ध ओडिशा राज्य या खटल्यात एका आईच्या पत्रालाच याचिका मानण्यात आले. तिच्या २२ वर्षीय मुलाचा मृतदेह पोलीस कोठडीनंतर रेल्वेमार्गावर सापडला होता. न्यायालयाने दीड लाख रुपयांची भरपाई देताना, मूलभूत हक्कांच्या भंगासाठी शासनाला सार्वभौमत्वाच्या संरक्षणाचा आधार घेता येत नाही, हे तत्त्व मांडले.

अटकेचे नियम

डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बासू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात न्यायालयाने अटकेसाठी ११ अटी घालून दिल्या. अटक करणाऱ्याच्या गणवेशावर ठळक नावपट्टी, साक्षीदाराच्या सहीचे अटक पंचनाम्यासारखे ज्ञापन, नातेवाइकांना सूचना, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी आणि वकिलास भेटण्याची मुभा यांचा त्यांत समावेश होता. यांतील अनेक अटी पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्तीने समाविष्ट झाल्या. अटकेची नोंद झाली की व्यक्ती ताब्यात असल्याचे नाकारणे कठीण होते, त्यामुळे बेपत्ता होण्याच्या प्रकारांना आळा घालण्यात या अटी महत्त्वाच्या मानल्या जातात.

२०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे

२३ सप्टेंबर २०१४ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सरन्यायाधीश आर. एम. लोढा व न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी चकमकीतील मृत्यूंच्या तपासासाठी १६ तत्त्वे दिली. संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार ती कायद्याप्रमाणे बंधनकारक आहेत. त्यांतील प्रमुख तत्त्वे अशी :

१. गुन्हेगारी हालचालींची गुप्त माहिती मिळाल्यास ती लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात नोंदवावी.
२. गोळीबारात मृत्यू झाल्यास प्राथमिक माहिती अहवाल नोंदवून तो विनाविलंब न्यायालयाकडे पाठवावा.
३. तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करावा. त्यावर चकमकीतील पथकप्रमुखापेक्षा किमान एक श्रेणी वरच्या अधिकाऱ्याची देखरेख असावी.
४. शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयातील दोन डॉक्टरांनी करावे व त्याचे चित्रीकरण करावे.
५. पोलीस गोळीबारातील प्रत्येक मृत्यूची दंडाधिकारी चौकशी व्हावी.
६. जखमीस वैद्यकीय मदत द्यावी व त्याचा जबाब दंडाधिकारी किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याने नोंदवावा.
७. मृताच्या जवळच्या नातेवाइकास लवकरात लवकर कळवावे.
८. संबंधित पोलिसांनी आपली शस्त्रे न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करावीत.
९. शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत तत्काळ शौर्यपदक किंवा नियमित क्रम डावलून पदोन्नती देऊ नये.
१०. तत्त्वांचे पालन झाले नाही असे वाटल्यास कुटुंबीयांना सत्र न्यायाधीशाकडे तक्रार करता येईल.

गुन्हा कोणावर नोंदवायचा हा प्रश्न

चकमकीनंतर नोंदवल्या जाणाऱ्या प्राथमिक माहिती अहवालात फिर्यादी बहुधा पोलीस असतो आणि आरोपी म्हणून मृत व्यक्तीचे नाव असते. पोलिसांवर गोळीबार करून खुनाचा प्रयत्न केल्याचा तो गुन्हा असतो. आरोपी मृत असल्याने असे प्रकरण बंद होते आणि मृत्यू कसा झाला याची न्यायालयीन छाननी होतच नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने आंध्र प्रदेशातील तक्रारींवर नोव्हेंबर १९९६ मध्ये दिलेल्या आदेशात या पद्धतीवर बोट ठेवले. मार्च १९९७ मध्ये आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती एम. एन. वेंकटचलय्या यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून तपासाची सुधारित पद्धत सुचवली.

फेब्रुवारी २००९ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने आणखी पुढचे पाऊल टाकले. पोलीस गोळीबारातील मृत्यूची तक्रार आल्यास गुन्हा नोंदवलाच पाहिजे आणि स्वसंरक्षणाचा बचाव खटल्यात सिद्ध केला पाहिजे, असे या पीठाने म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी या निर्णयास स्थगिती दिली. २०१४ च्या तत्त्वांत गुन्हा नोंदवणे बंधनकारक केले आहे. मात्र तो पोलिसांविरुद्धच नोंदवावा असे त्यांत स्पष्टपणे म्हटलेले नाही, यावर अभ्यासकांनी टीका केली आहे.

उत्तरदायित्वाच्या यंत्रणा

न्यायिक दंडाधिकारी : २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७६ (१अ) घालण्यात आले. त्यानुसार पोलीस कोठडीतील मृत्यू, बलात्काराचा आरोप किंवा कोठडीतून बेपत्ता होणे या घटनांची चौकशी न्यायिक दंडाधिकाऱ्याने करणे आवश्यक झाले. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे.

मानवी हक्क आयोग : मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ नुसार राष्ट्रीय आयोगाची स्थापना ऑक्टोबर १९९३ मध्ये झाली. कोठडीतील मृत्यूची माहिती २४ तासांत व चकमकीतील मृत्यूची प्राथमिक माहिती ४८ तासांत आयोगास कळवावी, अशा सूचना आहेत. आयोग भरपाईची व खटला चालवण्याची शिफारस करू शकतो, परंतु स्वतः शिक्षा देऊ शकत नाही. घटनेनंतर एक वर्ष उलटल्यास आयोगाला चौकशी करता येत नाही. सशस्त्र दलांविरुद्धच्या तक्रारींत त्याचे अधिकार आणखी मर्यादित आहेत.

पोलीस तक्रार प्राधिकरण : उत्तर प्रदेश व आसामचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंग यांनी १९९६ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले. राज्य सुरक्षा आयोगाची स्थापना, पोलीस महासंचालकांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास व कायदा-सुव्यवस्था यांची विभागणी आणि राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणांची स्थापना यांचा त्यांत समावेश आहे. प्राधिकरणाचे अध्यक्षपद निवृत्त न्यायाधीशाकडे असावे व त्याच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, असे न्यायालयाने म्हटले होते. निर्देशांच्या पालनाचा आढावा घेणाऱ्या न्यायमूर्ती के. टी. थॉमस समितीने २०१० मध्ये राज्यांच्या उदासीनतेविषयी खेद व्यक्त केला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य व विभागीय पातळीवर प्राधिकरणांची तरतूद केली.

सीसीटीव्ही कॅमेरे : डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्याचे प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका व अधिकाऱ्यांच्या खोल्यांत कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रीकरण १८ महिने, निदान एक वर्ष तरी, जपून ठेवण्याचा आदेश दिला.

दोषसिद्धीतील अडथळे

खटल्यासाठी मंजुरी : लोकसेवकाने अधिकृत कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला चालवण्यास सरकारची पूर्वमंजुरी लागते. मंजुरी न देणे किंवा निर्णयच न घेणे यामुळे अनेक प्रकरणे रखडली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये १२० दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे.

साक्षीदार : घटनास्थळी उपस्थित असलेले बहुतेक साक्षीदार पोलीसच असतात आणि सहकाऱ्याविरुद्ध साक्ष देण्यास ते सहसा तयार होत नाहीत. १९९५ च्या श्यामसुंदर त्रिवेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या व्यावसायिक बंधुभावाची नोंद घेतली. गुजरातमधील २००५ च्या सोहराबुद्दीन प्रकरणाचा खटला निष्पक्षतेसाठी मुंबईत हलवण्यात आला होता. त्यात तपासलेल्या २१० साक्षीदारांपैकी ९२ फितूर झाले आणि डिसेंबर २०१८ मध्ये सर्व २२ आरोपी निर्दोष सुटले.

पुराव्यांचा ताबा : घटनास्थळ, शस्त्रे, ठाण्याची दैनंदिनी व वाहनांच्या नोंदी सुरुवातीच्या काळात पोलिसांच्याच हाती असतात. त्यामुळे कुटुंबीयांनी तत्काळ पाठवलेला अर्ज, तार किंवा न्यायालयात केलेली याचिका यांसारखा बाहेरचा पुरावा अनेक खटल्यांत निर्णायक ठरला आहे.

सार्वजनिक समर्थन : न्यायालयीन विलंबामुळे चकमकींना लोकांचा पाठिंबा मिळतो. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ एका पशुवैद्यक तरुणीवरील बलात्कार व खुनाच्या प्रकरणातील चार आरोपी पोलीस गोळीबारात मारले गेले, तेव्हा पोलिसांवर फुले उधळण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, माजी न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०२२ च्या अहवालात हा गोळीबार ठार मारण्याच्या हेतूने झाल्याचा निष्कर्ष काढला. चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचे सांगून आयोगाने दहा पोलिसांवर खटला चालवण्याची शिफारस केली.

आंतरराष्ट्रीय करार

नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यात भारत १९७९ मध्ये सामील झाला. छळविरोधी करारावर भारताने ऑक्टोबर १९९७ मध्ये व सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धच्या करारावर फेब्रुवारी २००७ मध्ये सही केली, परंतु दोहोंचे अनुसमर्थन केलेले नाही. छळ प्रतिबंधक विधेयक २०१० मध्ये लोकसभेत संमत झाले, मात्र राज्यसभेत ते पुढे गेले नाही व व्यपगत झाले. २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७३ व्या अहवालात करारास अनुसरून स्वतंत्र कायदा करण्याची शिफारस केली.

सक्तीने बेपत्ता करणे हा भारतीय कायद्यात स्वतंत्र गुन्हा नाही. भारतीय न्याय संहिता, २०२३ मध्येही तशी तरतूद नाही. अशी प्रकरणे अपहरण, बेकायदा डांबून ठेवणे, पुरावा नष्ट करणे किंवा खून या कलमांखाली चालवावी लागतात. मृतदेह सापडला नसल्यास खून सिद्ध करणे अवघड होते. आंतरराष्ट्रीय करारात मात्र व्यक्तीचा ठावठिकाणा दडवणे हाच गुन्ह्याचा गाभा मानला आहे आणि तो कळेपर्यंत गुन्हा चालूच असल्याचे धरले जाते.

सुधारणांविषयीची मते

पोलीस सुधारणांचे समर्थक व मानवी हक्क संघटना स्वतंत्र तपास यंत्रणा, साक्षीदार संरक्षण, तक्रार प्राधिकरणांना बंधनकारक अधिकार आणि बेपत्ता करण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा यांची मागणी करतात. पोलीस दलातील काही अधिकाऱ्यांच्या मते सशस्त्र गुन्हेगारांशी क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो आणि प्रत्येक गोळीबारानंतर गुन्ह्याची भीती असल्यास दलाचे मनोधैर्य खचते. प्रकाश सिंग यांच्यासह सुधारणावादी पोलीस अधिकाऱ्यांनी राजकीय हस्तक्षेप, मनुष्यबळाची कमतरता व अपुरे न्यायवैद्यक प्रशिक्षण यांकडे लक्ष वेधले आहे. त्यांच्या मते स्वायत्तता आणि उत्तरदायित्व या गोष्टी एकमेकींना पूरक आहेत.

न्यायालयांनी दोन्ही बाजूंची दखल घेतली आहे. २०१२ च्या ओम प्रकाश विरुद्ध झारखंड राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचा स्वसंरक्षणाचा दावा ग्राह्य धरून त्यांच्याविरुद्धची कारवाई रद्द केली. त्याच निर्णयात, एखादी व्यक्ती गुन्हेगार आहे म्हणून तिला ठार मारणे हे पोलिसांचे कर्तव्य नसून तिला अटक करून न्यायालयासमोर उभे करणे हे त्यांचे कर्तव्य आहे, असेही न्यायालयाने नमूद केले.